आरशावरचा पंचा

आई गेली त्या दिवशी माझ्या फोनवर तीन निरोप आले. नऊला, एकला आणि चारला. तिन्हींत एकच वाक्य होतं: आई आरशासमोर आली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ती सकाळी दहाच्या सुमारास गेली.

ते वाक्य मीच लिहिलं होतं. आरसाही मीच केला होता.

मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घर देवळाली कॅम्पात. बसचं जाणं-येणं धरून आई रोज नऊ-दहा तास एकटी असायची. केमो सुरू झाल्यावर गोळ्यांच्या तीन वेळा ठरल्या. फोन केला की ती "घेतली गं" म्हणायची आणि माझा विश्वास बसायचा नाही. मग मी वाचायला बसले. अडचण आली की मला तेवढंच जमतं.

ग्रंथालयातून भंगारात निघालेला एक मॉनिटर मी मागून आणला. त्याच्यापुढे अशी काच लावली, जिच्यात चेहराही दिसतो आणि मागची उजळ अक्षरंही. मागे तळहाताएवढा संगणक. खालच्या कडेला, समोर काही आलं की ओळखणारा सेन्सर. गोळीच्या वेळेला आई समोर उभी राहिली की मला निरोप येणार. चौकट जुन्या नाशकातल्या सुतारचाचांनी करून दिली. काच उजेडात धरून ते म्हणाले, "मॅडम, आरशात टाइमटेबल लावलं, तर माणसाने तोंड कुठं बघायचं?" मी हसले.

लष्कराच्या तोफांचा सराव असला की आमच्या खिडक्या थरथरतात, म्हणून आरसा चार स्क्रूंनी भिंतीला पक्का केला. आईच्या पलंगासमोर.

"रोज समोर येऊन उभं राहायचं. मग मला कळेल, गोळी घेतलीस म्हणून."

"चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतली," आई म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. "आता भिंत माझी घेणार."

"घेऊ दे की."

ती थोडा वेळ बघत राहिली. "मला तर मीच दिसते गं यात."

"वेळ बघ, तारीख बघ. स्वतःकडे कशाला बघतेस?"

हे मी म्हणाले. केस गेले तेव्हा बेसिनवरचा आरसा तिने काढायला लावला होता. तोही मीच काढला होता, दोन महिन्यांपूर्वी.

पुढच्या आठवड्यात एकदा घरी आले तर आरशावर पंचा होता.

"वाळत घातलाय," आई म्हणाली.

"दोरी आहे ना गॅलरीत."

"लांब पडते."

मी पंचा काढला आणि घडी करून ठेवला. त्यानंतर आरसा मला कधी झाकलेला दिसला नाही. निरोप वेळेवर येत होते. तिला सवय झाली, असं मी धरून चालले. ग्रंथालयातल्या बायकांना मी ते निरोप दाखवलेही.

त्या दिवशी साडेपाचला मी कुलूप उघडलं. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून होती. पंखा सुरू होता. आरशावर पंचा होता आणि त्याचं टोक सेन्सरपुढे हलत होतं. मी यायच्या आत ती तो रोज काढून ठेवत असणार. त्या दिवशी काढायला ती नव्हती.

गोळ्यांच्या डबीतला सकाळचा खण रिकामा होता, उरलेले दोन भरलेले. मागच्या सगळ्या दिवसांचे खणही रिकामे होते. गोळ्या ती वेळेवर घेत होती. फक्त आरशात बघत नव्हती.

एकचा निरोप आला नसता, तर मी फोन केला असता. तेव्हाही ती गेलेलीच असती, हे मला कळतं. पण साडेपाचपर्यंत ती तशी एकटी पडली नसती.

आरसा भिंतीवर आहे. पंचा मी काढलेला नाही. पंखा लावला की वेळेला निरोप येतो.