सदतीस मिलिमीटर

माझी मुलगी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. थरावर थर रचलेलं कापड ती मशीनने कापते, पण नमुन्याचा पहिला कपडा हातानेच. तिच्या कात्रीला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. कुणी त्या कात्रीने कागद कापला तर दिवसभर धुमसते. कारखान्यात तिला ‘फूटपट्टी’ म्हणतात.

तिची एक किडनी जन्मापासून नावालाच आहे. दुसरीत, कामाच्या किडनीत, कॅन्सरची तेवीस मिलिमीटरची गाठ निघाली. ती किडनी काढून चालणार नव्हतं, म्हणून डॉक्टरबाईंनी सुया घालून गाठ गोठवून मारली. तीन महिन्यांनी स्कॅन झाला. रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली. “ठीक आहे,” म्हणाली, आणि मी खुळीसारखा विश्वास ठेवला.

आठवड्याने कारखान्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या शिवणवालीचा फोन आला.

“मावशी, फूटपट्टीने तिची कात्री मला दिलीय. कायमची ठेव म्हणाली. काही झालंय का?”

मुलगी घरात शिरताच मी रिपोर्ट मागितला.

“वाचून काय करणारेस?”

“आण म्हटलं ना!”

“घे. तेवीस होती, सदतीस झाली. मला माप कळतं, आई.”

तिने आकडा पाहून कागद मिटला होता. खालच्या चार ओळी मी वाचल्या, पण भीतीने अर्थच लागेना. दुसऱ्या दिवशी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. “ही गाठ नाही, गोठवलेला सगळा भाग आहे. गाठीभोवतीचं थोडं चांगलंही मारावं लागतं. शिरेतून दिलेलं औषध जिथे रक्त पोचतं तिथे उजळतं. इथे काही उजळलंय?”

“नाही...” मुलगी म्हणाली. “म्हणजे आम्ही शिवणीसाठी जादा कापड ठेवतो तसं तुम्ही मार्जिन ठेवलंत! आधी सांगायचं की!”

“सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्या कोटाची शिवण बघत होतात.”

“उसवलीच होती ती!”

दुसऱ्याच दिवशी तिने कात्री परत मागून घेतली.

आज सहा महिन्यांचा स्कॅन झाला. एकोणतीस. उजळलेलं काही नाही.

“म्हणजे संपलं?” मी विचारलं.

“आज जिवंत काही दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या. निदान पाच वर्षं तरी येत राहावं लागेल.”

“आता तोंड सरळ कर,” जिन्यातच मुलगी म्हणाली आणि थेट कामावर गेली.

घरी येऊन मी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेला लावली. गोठवलेल्या भागाच्या काळ्या डागाजवळ एक पांढरी रेघ दिसली. फोटो काढून तिला पाठवला. लगेच उत्तर आलं: “आई, बरगडी आहे ती. सगळ्यांना असते.”

मग मी दुसऱ्या बाजूची बरगडी शोधून काढली, आणि दोन्ही सारख्याच पांढऱ्या आहेत का, ते पाहत बसले.