बीजींचे डबे

शोभनाताई मूळच्या सांगलीच्या. पुरुषोत्तमरावांची केंद्र सरकारी नोकरी, त्यामुळे सगळा संसार बदल्यांवर चाललेला. सध्याचा मुक्काम चंडीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. बाई लाख गुणांची, पण एकदा डोक्यात काही बसलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचं नाही. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हेही असंच बसलेलं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतील.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही पॉझिटिव्ह आले. दारावर कागद चिकटला आणि दार बंद झालं. समोरच्या घरात सुमन आणि तिच्या सासूबाई राहायच्या. त्यांना सगळे बीजी म्हणत. बीजींचं हृदय आधीच नाजूक, पण स्वयंपाकघर काही सुटलं नव्हतं. रोज दुपारी सुमन दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवायची, बेल वाजवायची आणि मागे सरकायची. कधी कढी-चावल, कधी राजमा. चव दोघांनाही कळत नव्हती. तरी ताई म्हणायच्या, "बीजींच्या हातचं आहे, चांगलंच असणार."

प्रश्न डबा परत करण्याचा होता. भरून द्यावा तर आपल्या हातचं खाऊन बीजींना लागण व्हायची. रिकामा द्यावा तर जन्मात केलं नाही ते करायचं. ताईंनी आपल्या परीने तोड काढली. डबे घासून, उकळत्या पाण्यातून काढून ठेवायचे आणि बरं झाल्यावर पुरणपोळ्या भरून एकदमच द्यायचे; तोवर समोर काही कळू द्यायचं नाही. बीजींना पुरणपोळी फार आवडायची. 'मीठी रोटी' म्हणायच्या तिला. इकडे ओट्यावर डब्यांची चळत वाढत गेली. पुरुषोत्तमराव म्हणाले, "आता भांड्यांचं दुकान काढू या."

समोरचे डबे संपले. मग पातेली यायला लागली, शेवटी कुकरही आला. मी फोनवर सांगून थकले, "अहो, देऊन टाका रिकामे. साथीच्या दिवसांत कोण बघतंय?"

"बीजी काय म्हणतील?" ताईंचं एकच पालुपद.

मुदत संपली, कागद निघाला. त्याच सकाळी ताईंनी पुरणाची डाळ शिजायला लावली, आणि समोरून सुमनचं रडणं ऐकू आलं. बीजी झोपेतच गेल्या होत्या. कोरोना नव्हता, हृदयच थांबलं होतं.

ज्या घरी कोणी गेलं तिथे चूल पेटत नाही. आपल्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. ताईंनी डाळ बाजूला ठेवली, पिठलं-भात केला आणि बीजींचेच डबे भरले. दुपारी अंत्यसंस्कार उरकून घरचे परतल्यावर आम्ही दोघी ते घेऊन गेलो.

सुमन डब्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बीजी रोज शाम को पूछती थीं, डब्बा आया? मैं कहती, नहीं आया. तो कहतीं, फिर खाया नहीं होगा बेचारों ने. कल कुछ और बनाऊँगी."

ताईंच्या हट्टावरचा माझा सगळा राग तिथेच विरघळला. ताई उंबऱ्यातच खाली बसल्या. कोणाशी बोलताहेत हेही त्यांना कळत नसावं, कारण बोलल्या त्या मराठीत आणि बीजींच्या रिकाम्या खाटेकडे बघून.

"खाल्लं हो बीजी. रोज पुसून खाल्लं."