सगळे फोन हिरवे

टकटक. टकटकटक. मग थोडं थांबून पुन्हा टक.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी नंदुरबारला ऐकला. तेव्हा मी मिरचीच्या पेढीवर हमाली करत होतो. पेढीवर एक काळा फोन होता. कुणी फुकटात फोन करू नये म्हणून शेटजींनी त्याच्या आकडे फिरवायच्या चकतीला पितळी कुलूप लावलं होतं. चावी त्यांच्या करदोट्याला. शेटजी दुपारी जेवून आडवे झाले की आतून शेठाणी यायच्या. चकतीला हातसुद्धा लावायच्या नाहीत. रिसीव्हर ज्यावर ठेवतात ती खुंटी बोटाने दाबायच्या. तीनच्या आकड्याला तीनदा, सातच्या आकड्याला सातदा. फोन लागायचा! गावातल्याच बहिणीशी पोटभर बोलून घ्यायच्या.

शेटजी उठले की आधी कुलूप ओढून बघायचे आणि आम्हाला सांगायचे, "देखा? कुलूप म्हंजे कुलूप!"

मी फार शिकलेलो नाही आणि बोलतोही हळू. किस्से शोधायला मी कधी गेलो नाही. माणूस एका जागी गप बसून राहिला की ते आपोआप साचतात, पेढीच्या कोपऱ्यात मिरचीचं बी साचायचं तसे. पेढी सुटली आणि मी खांडबाऱ्याच्या एका ऑफिसात राखणदार झालो. मग तर विचारू नका!

*

हे ऑफिस एका संस्थेचं. डोंगरातल्या गावांमध्ये शेळ्यांना, कोंबड्यांना लस टोचायचं काम. गावोगावच्या कार्यकर्त्यांना संस्थेने मोबाइल दिलेले आहेत. कोणत्या शेळीला काय टोचलं ते त्यात भरायचं. ते मोबाइल सांभाळायला देवरे साहेब आले. कोरीट गावचा मुलगा, अंगाने बारीक, डोक्याने हुशार आणि जिवाने घाबरट.

त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक फोनचं एक टिंब. फोन जागेवर असला, चालू असला, कुलूपबंद असला की टिंब हिरवं. काही गडबड झाली की लाल. साहेब अजून कंत्राटावर होते. पुण्याचे वरिष्ठ तपासणीला येतील तेव्हा सगळे फोन बरोबर निघाले तर नोकरी कायम, असं त्यांना सांगितलेलं. आणि नोकरी कायम झाली तर लग्न! मुलगी पसंत होती, मुलीलाही हे पसंत होते. अडून बसला होता तिचा बाप. त्याने कुठून तरी त्या टिंबांची माहिती काढलेली. दर रविवारी त्याचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट टिंबांची मोजणी.

"देवरे, कितला हिरवा शेतस?"

"सगळा हिरवा शेतस, मामा."

"मंग बरं शे." आणि फोन बंद! 'जवाईबापू' हा शब्द त्या माणसाने तिजोरीत ठेवला होता.

*

पहिलं लाल टिंब सायमन गावितचं. सायमन नवापूरकडच्या सीमेवर राहतो. त्याच्या घराचा ओटा महाराष्ट्रात आणि चूल गुजरातमध्ये. राज्य सोडलं की फोनला आपोआप कुलूप लागेल आणि भोंगा वाजेल, असं साहेबांनी सेटिंग करून ठेवलेलं. झालं! भोंगा दिवसभर वाजायला लागला.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. "सायमन, दिवसातून कितीदा राज्य सोडता तुम्ही?"

"जेवायला जातो, साहेब."

"आणि पुन्हा दुपारी?"

"चहा."

साहेब स्वतः त्याच्या घरी जाऊन आले. फोन हातात धरून घरभर फिरले आणि भोंगा जिथे वाजला तिथे खडूने रेघ मारली. ती रेघ नेमकी पाटावरून गेली! तेव्हापासून सायमन ओट्यावर बसून जेवतो आणि बायको आतून ताट सरकवते.

पुढच्या महिन्यात ती ऑफिसात आली. आम्हाला वाटलं भांडायला आली. तिने साहेबांच्या टेबलावर कोंबडीची अंडी ठेवली. म्हणाली, "साहेब, लग्न झाल्यापासून हा माणूस चुलीपाशी बसून भाजीत मीठ कमी, मीठ जास्त करायचा. तुमच्या मोबाइलने त्याला घराबाहेर काढला. देव तुमचं भलं करो!"

*

दुसरी शेवंता वसावे. उंच, काळीसावळी, हसली की ऑफिसच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मला 'नाना' म्हणायची आणि येताना मोहाची फुलं, करवंदं, काहीतरी आणायचीच.

फोन बोटाच्या ठशाने उघडायचा, असा नियम आला. सगळ्यांचे ठसे घेतले. शेवंताचा ठसा काही केल्या उमटेना. भाताची लावणी, विळा, पाटा, ह्यात बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या. साहेब म्हणाले, "घरी शांतपणे प्रयत्न करा."

पुढच्या मीटिंगला साहेबांनी विचारलं, "उघडतो का आता?"

"उघडतो की!" म्हणत शेवंताने फोन जमिनीवर ठेवला, चप्पल काढली आणि पायाचा अंगठा लावला. फोन उघडला!

साहेब उभेच राहिले. "ऑफिसच्या फोनला पाय लावता?"

"साहेब, दोन्ही हातांनी बकरी धरलेली असते. ती सोडून फोन उघडू, का फोन सोडून बकरी धरू?"

साहेबांनी सगळी सेटिंग तपासून पाहिली. हाताचा अंगठा की पायाचा, हे विचारणारा रकानाच कुठे नव्हता. टिंब हिरवं. साहेब खाली बसले.

*

मग पुण्याहून नवीन नियम आला. फोन बराच वेळ हलला नाही तर कार्यकर्ता झोपला आहे असं समजायचं आणि टिंब लाल करायचं. सायमनला जेवणानंतर डोळा लागायची सवय. त्याने फोन एका पिशवीत घालून बोकडाच्या गळ्यात बांधला. बोकड फिरतो, टिंब हिरवं राहतं. साहेब खूश! कौतुकाने मला म्हणाले, "नाना, सायमन कितला फिरी ऱ्हायना देखा! डोंगर चढी ऱ्हायना!"

आठवडी बाजाराच्या दिवशी सायमन झोपलेला असताना त्याच्या बापाने बोकड विकला.

टिंब बाजारात फिरायला लागलं. साहेबांनी मला मोटारसायकलवर बसवलं. बाजारात शिरल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवाल्या मोठ्या फोनवरून भोंगा वाजवला. मिरचीच्या ढिगांपलीकडे एकदम आरडाओरडा झाला. एक बोकड भोंगा वाजवत पळतोय आणि त्याच्यामागे त्याचा नवा मालक!

साहेबांनी मालकाला समजावलं, की फोन संस्थेचा आहे. मालक म्हणाला, "मी बोकड घेतला तेव्हा तो त्याच्या अंगावर होता. शिंगं काढून देऊ का?"

शेवटी साहेबांनी बोकडच विकत घेतला. त्याला धरून मी मागे बसलो. वार रविवार. वाटेतच मामांचा फोन.

"देवरे, कितला हिरवा शेतस?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत बोकड ओरडला.

"हाऊ कोन?"

"ऑफिसनाच शे, मामा," साहेब म्हणाले.

"कायम शे का?"

*

तपासणीची तारीख आली. पुण्याचे लोक सोमवारी येणार होते. सगळे फोन ऑफिसच्या कपाटात हजर पाहिजेत, एक जरी कमी भरला तरी कायमची गोष्ट विसरा, असं वरून बजावलेलं. साहेब रोज सकाळी टिंबं बघून देवाला हात जोडायचे.

त्याच आठवड्यात शेवंता गेली. तापाचं निमित्त झालं. सरकारी दवाखान्यातून बरी होऊन येते आहे असं तिच्या गावाच्या वाटेने येणाऱ्यांनी सांगितलं, आणि त्याच वाटेने दुसरी बातमी आली. मी दोन दिवस जेवलो नाही.

पण फोन तर आणायला हवा होता. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवंताचं टिंब हिरवं होतं. चालू, कुलूपबंद, जागेवर. बॅटरी भरलेली.

"नाना, रोज भरेल ऱ्हास," साहेब हळूच म्हणाले. "चार्ज कोन करस?"

शनिवारी आम्ही तिच्या गावी गेलो. घर डोंगराच्या उतारावर. सासरा रेवजीबाबा दारातच बसला होता. साहेबांनी अडखळत अडखळत फोनचं विचारलं. म्हातारा उठला, काठी घेतली आणि आम्हाला घरामागच्या टेकाडावर घेऊन गेला.

तिथे शेवंताला पुरलं होतं. वर दगड रचलेले. दगडांवर तिचा विळा, तिची थाळी, तांब्या, लशीची निळी पेटी. आणि सगळ्यांच्या वर, उन्हाकडे तोंड करून, घरचा सोलरचा छोटा पत्रा. त्याची वायर दगडांच्या फटीतून आत गेलेली.

"माणसाचं त्याच्याबरोबर द्यावं लागतं," रेवजीबाबा म्हणाला. "विळा दिला, थाळी दिली. फोनचा आम्ही विचार केला. चार्जिंग संपली की फार चिडायची ती. म्हणून पत्रा पण दिला."

"आणि घरी दिवा?" मी विचारलं.

"घरी चिमणी आहे की."

साहेब पुढे झाले. "बाबा, फोन संस्थेचा आहे. सोमवारी मोजणार आहेत. नाही नेला तर माझी नोकरी..."

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला राग आला नव्हता. नोकरी म्हणजे काय ते त्याला कळत होतं, त्याच्या घरात एक होती.

"न्या ना, साहेब. तुमची वस्तू. आम्ही अडवत नाही." मग त्याने काठी दगडांकडे केली. "फक्त तिला सांगून न्या."

साहेबांनी बूट काढले. दगडांपाशी उकिडवे बसले. तोंड उघडलं, मिटलं. खाली कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या.

ऊन कलायला लागलं होतं, पत्र्याच्या निम्म्यावर सावली आली होती. साहेबांनी हात पुढे केला, पत्रा जरासा उचलून उन्हाकडे फिरवला, हलू नये म्हणून त्याला एका लहान दगडाचा टेकू दिला. मग उठले, बूट हातात घेतले, आणि टेकाड उतरून गेले.