अंमलाची तारीख नसलेला कायदा

ज्या पुस्तकात एकही झाड तोडले जात नाही, त्या माझ्या पुस्तकापायी डोईफोडिया गावच्या रानात एका माणसाची कवटी फुटली आणि दुसऱ्याचा उजवा हात मनगटापासून तुटून पाल्यात पडला. दोन्हींचा आरंभ माझ्या लेखणीत आहे. हे मी कोर्टात सांगायला हवे होते. तिथे सांगितले नाही, म्हणून येथे सांगतो.

इंग्रजी अमदानीत मी बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीबाहेर सतरंजी टाकून बसणारा अर्जनवीस होतो. आसपासच्या गावांतली फिर्याद असो, नोटिसीचे उत्तर असो, ते माझ्याच अक्षरात लिहिले जाई. उरलेल्या वेळात मी स्वतःची पत्रे लिही. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी सागाची राने भुईसपाट होत होती. त्याबद्दल मी साहेबाला लिहिले, साहेबाच्या साहेबाला लिहिले. उत्तर एकच येई: अर्ज पोहोचला.

त्या काळी मासिकांतून भविष्यकाळाच्या गोष्टी येत. दोनशे वर्षांनंतरचे एखादे नगर, तिथली नदी निर्मळ, वने घनदाट, माणसे सुस्वभावी. त्या वाचून माझे मस्तक उठे. अशा नगरात एखाद्याने कुऱ्हाड उचललीच, तर फिर्याद कुणाकडे करायची? एकाही लेखकाला हा प्रश्न पडलेला नव्हता. माणसे सज्जन झाली म्हणून झाडे वाचली, ही शुद्ध लबाडी होती. माणसे आहेत तशीच नीच राहणार असे धरून मी शंभर वर्षांनंतरचे बऱ्हाणपूर रचले, आणि ते सबंध पुस्तक जाहीरनाम्याच्या रूपात लिहिले. तापीला स्वतःच्या नावाने दावा लावता येईल. गावातल्या कुऱ्हाडी चावडीत जमा राहतील. साग तोडण्याआधी त्याच्या सावलीत बसणाऱ्या पाच जणांची जबानी घेतली जाईल. आणि शेवटचे कलम, नववे: जबानीवाचून जो झाडावर घाव घालील, त्याला तिथेच अडवावे; अडवणाऱ्यावर गुन्हा नाही.

तळाशी मी सरकारी थाटाचा शिक्काही काढला. फक्त अंमल कधीपासून, ती जागा कोरी सोडली. कुठलीही तारीख घातली असती तरी ती खोटी ठरली असती.

पुस्तक शिळाप्रेसवर छापले. कुणी घेतले नाही. गठ्ठे वाण्याकडे गेले आणि पानापानाने गूळ-मीठ बांधून बाजाराबाहेर पडले. ‘हे सर्व कल्पित आहे’ असे ज्यावर छापले होते, ते पहिले पान कुणाच्या घरी गेले कोण जाणे. नववे कलम डोईफोडियाला गेले.

एके दिवशी तिथला एक शेतकरी माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे शेत रानाला लागून होते आणि त्याचे जुने कागद मीच लिहिलेले होते. त्याने तेलकट पान उलगडले.

“मुन्शीजी, हे कोनी लिवलं?”

“मी.”

“शिक्का बी हाये.”

“आहे.”

“मंग झाड तोडनाऱ्याले आडवलं तं चालते?”

मी त्या वेळी पोचपावती पाठवणाऱ्या साहेबाला जळजळीत उत्तर लिहीत होतो. मान वर केली नाही. “वाचता येतं ना? त्यात लिहिलंय तेच.”

त्याच्या लेखी सरकारचा कागद म्हणजे माझ्या हातचा कागद. दुसरा त्याने पाहिलाच नव्हता. हे मला त्याच क्षणी कळले होते. पण माझे पुस्तक इतक्या काळजीने वाचणारा तो पहिलाच माणूस होता. मी सुखावलो आणि गप्प बसलो. त्याने पान पटक्यात खोचले आणि राम राम करून गेला.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराचा मुकादम दहा माणसे घेऊन रानात उतरला. शेतकरी आणि त्याचा धाकटा भाऊ आडवे आले. पान पुढे केले. मुकादमाने त्या पानाने मानेचा घाम पुसला.

“तुह्या बापानं केला का रे हा कायदा? सरक, नाहीतं आधी तुलेच तासतो.”

भावाने सागाला मिठी मारली. मुकादमाने कुऱ्हाड उलटी धरून त्याच्या डोक्यात घातली. कवठ फोडल्यासारखा आवाज झाला, असे साक्षीदाराने पुढे सांगितले. दुसरा घाव घालायला मुकादमाने हात उचलला, तेव्हा शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीने तो हात खाली पाडला. बोटे कुऱ्हाडीच्या दांड्याला तशीच आवळलेली होती. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला.

ठेकेदाराकडे तोडीचा सरकारी परवाना होता. म्हणजे कायद्याने अडवणाराच गुन्हेगार. शेतकऱ्याच्या वकिलाने मला बाजूला घेतले.

“त्यानं तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही हो म्हणालात, एवढं सांगा. फसलेला माणूस म्हणून सजा निम्मी होईल.”

“आणि माझं काय होईल?”

“सरकारी शिक्का बनवला म्हणून तुमच्यावर खटला होईल. कायदा तुम्हाला मी काय शिकवणार?”

साक्षीच्या पिंजऱ्यात मला न्यायाधीशाने विचारले, आरोपी तुमच्याकडे आला होता का? मी म्हणालो, आठवत नाही.

शेतकऱ्याने आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहिले. मग त्याने न्यायाधीशाला समजावले, “मुन्शीजीले काम लय असते, साहेब. नसन आठवत.”

त्याला दहा वर्षे सक्तमजुरी झाली. मुकादम सुटला.

त्यानंतर मी कोर्टांना, अधिकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. न्यायाला शिव्या घातल्या, ठेकेदाराला घातल्या, परवाना देणाऱ्यांना घातल्या. माझे ‘आठवत नाही’ मात्र एकाही पत्रात लिहिले नाही. उत्तरे आली: अर्ज पोहोचला.

वर्षभराने शेतकऱ्याची बायको सतरंजीपाशी आली. तुरुंगातून आलेले कार्ड तिने मला वाचायला दिले. त्यात खुशाली होती, केळीच्या बागेची चौकशी होती, आणि शेवटी एक ओळ: मुन्शीजीले विचार, ते कलम कवापासून लागू हाये? तारीख आधीची असन तं मी सुटतो.

“काय तारीख हाये, दादा?” तिने विचारले.

“उद्या ये.”

“उद्या येतो. पन तारीख सांगा.”

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच येऊन बसली. मी कोरे कार्ड घेतले आणि शेतकऱ्याला लिहिले: तारीख घातलेली नाही. तो कायदा नव्हता, माझी गोष्ट होती. तू मला विचारले होतेस आणि मी होकार दिला होता, ते मला आठवते. कोर्टातही आठवत होते.

तिला ते शब्दशः वाचून दाखवले. ती कार्ड सुकेपर्यंत बसून राहिली. कैद्यांची पत्रे आधी अधिकारी वाचतात, हे मला ठाऊक होते. मी खाली माझे पूर्ण नाव, पत्ता आणि त्या दिवसाची तारीख घातली.