आम्हीच सपाट केलेली टॉकीज

गंगाखेडातली आमची टॉकीज अशी होती, की पडद्यावर पाऊस आला की खाली आम्ही भिजायचो. पत्र्यांना भोकं होती, ती गोष्ट वेगळी. उंदीर तर दारात उभे राहून मांजरांना तिकीट विचारायचे. अर्धं रीळ खाल्लेला एक उंदीर मी या कानांनी गाताना ऐकलाय.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शिंपी, तिशीतला गडी, आणि त्या टॉकीजवर माझा जीव बायकोपेक्षा बोटभर जास्तच. एका उन्हाळ्यात टॉकीजचा मालक माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. डोळ्याला उपरणं लावून म्हणाला, "मास्तर, मोडकळीला आली हो. लायसन देईनात. बंद करतो आता."

"आमी हाव की, शेठ," मी म्हणालो. फसलो तो तिथंच.

माझ्यासकट वीसजण जमवले. पत्र्यांना डांबर फासलं, बिळांत काचा ठोकल्या, भिंतींना गिलावा केला. मग मालक म्हणाला, "पडद्यापुढं पाणी साचतं, गरीब माणूस चिखलात बसतो. मुरूम टाकून जमीन एका पातळीत घ्या." गरीब माणूस म्हटल्यावर आमचं काळीज लोण्यासारखं. महिनाभर मुरूम ओढला. गावाबाहेरची एक आख्खी टेकडी त्यात संपली. मागून पुढं उतरत गेलेली जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट झाली. टॉकीजला उतार कशाला असतो, हे विसातल्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

पहिल्याच खेळाला मागच्यांना पडद्याऐवजी पुढच्यांचे पटके दिसले. लोक शिव्या घालत उठले, ते परत आले नाहीत. आठ दिवसांत खुर्च्या बाहेर आणि कापसाच्या गठाणी आत. न गळणारं, बिनउंदराचं, सपाट गोदाम, तेही फुकटात.

मी जाब विचारायला गेलो.

"मी कुटं काय केलं, मास्तर? फावडं तुमच्या हातात होतं," मालक म्हणाला आणि वर चहा पाजला. मी तो प्यालो, याची लाज अजून जात नाही.

चौकात तो सांगत सुटला, "शिंप्यानं नासवली टॉकीज. मी नको नको म्हणत होतो." बाकीच्या एकोणीसजणांनी तर शपथेवर सांगितलं, की आम्ही त्या महिन्यात पालमला पाहुण्याकडं होतो. जन्मभर मी थापा हाणल्या, त्या गावानं मिटक्या मारत ऐकल्या. मालकानं फसवलं ही एकच खरी, आणि तीच कुणाच्या गळ्याखाली उतरेना.

घरी बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "आमचा भाऊ बी म्हणायलाय, तुमीच बुडवली म्हून."

"आन् तुला काय वाटतं?"

तिनं तव्यावरची भाकर उलटली.