तारा आवळल्याच्या दुसऱ्या दिवशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय — नाहीतर जमलं असतं का, कुणास ठाऊक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. याचा मला गर्व आहे, लपवत नाही. मुरुम गावातल्या एका खाजगी गोदामात मी सोयाबीनची प्रत ठरवतो. परखी, म्हणजे टोकदार पोकळ लोखंडी नळी, पोत्यात खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. बापाच्या वयाची माणसं मला साहेब म्हणतात.

पण माझे वरचे दात पुढं होते. शाळेत मला फावड्या म्हणायचे. नोकरी पक्की झाल्यावर — लग्न झालेलं, मुलगी झालेली, अशा वयात — मी सोलापूरला जाऊन दातांना तारा बसवल्या. दर महिन्याला डॉक्टर त्या आवळायचे. मग भाकरी चावता यायची नाही, कानापर्यंत ठणका लागायचा, आणि कुणाचा तरी गळा धरावासा वाटायचा. खरंच वाटायचा. कारण म्हणून सांगत नाही हे. दात दुखतात म्हणून कुणी माणसाला मारतं का?

बसू आमचा मापाडी, वजनकाट्यावर पोती तोलणारा. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. अख्ख्या गोदामात मला अरे-तुरे करणारा तो एकटा.

तारा आवळल्याच्या दुसऱ्या दिवशी काट्यापाशी शेतकऱ्यांची गर्दी होती. मी एका म्हाताऱ्याचा माल ओला म्हणून परत लावला. म्हातारा कुरकुरला, तसा बसू म्हणाला, "काका, त्येच्या नादी लागू नका. फावड्याला तारंचं कंपाउंड घातलंय आता. करंट सोडलाय, डुकरं बी शिरत न्हाईत!"

सगळे हसले. मीही हसलो — ओठ मिटून.

तिथंच हात उचलला असता तर? तर त्याला राग म्हणता आलं असतं. मी थांबलो. शेतकरी पांगले, माणसं डबे सोडायला शेडबाहेर गेली, आणि मग मी बसूला म्हणालो, "मागच्या थप्पीचा नमुना काढायचाय, चल." छताला टेकलेली पोत्यांची थप्पी. तिच्यामागं काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. हे मला माहीत होतं. तो शीळ घालत माझ्यापुढं चालला.

परखी माझ्या हातात होती. तो वळला आणि मी ती त्याच्या तोंडावर घातली. दात तुटल्याचा आवाज ऐकलाय तुम्ही कधी? खडी फुटल्यासारखा येतो. तोंड धरून तो खाली बसला. मी परत मारलं — त्या हातांवर, मग बरगडीत लाथ, मग पुन्हा लाथ. "आरं… आरं…" एवढंच तो म्हणत होता, ही मस्करी आहे का, असं बघत. त्यानं एकदाही हात उगारला नाही. आणि मला — सांगतोच आता — मला बरं वाटत होतं.

एवढंच असतं तर कदाचित आधीच कुणाला सांगून टाकलं असतं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली. पावलं वाजली. माझं डोकं एकदम थंड झालं, परीक्षेला बसल्यासारखं. तारा लावलेल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: ओठाला नुसता धक्का लागला तरी आतून तार घुसते आणि रक्ताची धार लागते. मुलीचं डोकं एकदा खेळताना माझ्या ओठाला लागलं होतं, तेव्हा अर्धा टॉवेल भिजला होता. मी मूठ वळली आणि माझ्याच तोंडावर मारली. एकदा हलकेच. मग पुन्हा, नीट.

मॅनेजर आले तेव्हा माझा शर्ट लाल झाला होता. "यानं आधी मारलं," मी म्हणालो. बसूला बोलता येत नव्हतं. तो नुसती मान हलवत होता, आणि मान हलेल तसं रक्त पोत्यांवर उडत होतं. पण साहेबाच्या तोंडातलं रक्त सगळ्यांनी पाहिलं. मग त्याला विचारणार कोण? त्याच दिवशी त्याला काढलं. साहेबावर हात टाकणारा म्हणून मुरुमच्या एकाही आडतीवर त्याला कुणी उभं केलं नाही. मला रोज खरं बोलता येत होतं. रोज मी कामावर जात होतो.

मग एक दिवस बसूचे वडील आले. आप्पा. लहानपणी त्यांच्या ताटात मी जेवलोय. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्यावरचा टॉवेल काढून हातात धरलेला. ते उभे, मी खुर्चीत.

"साहेब," ते म्हणाले. आधी मला लेकरा म्हणायचे. "आमचा बसू हात उचलणारा न्हाय वो. पर समदी म्हणत्यात उचलला, तर चुकलंच त्येचं. पदरात घ्या."

आणि ते माझ्या पायाशी वाकले.

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी त्यांचे खांदे धरले, वर उठवलं, आणि त्याच तोंडानं म्हणालो, "जाऊ द्या आप्पा. मी त्याला माफ केलंय."

ऑफिसातले सगळे बघत होते. ते गेल्यावर मॅनेजर म्हणाले, मन मोठं आहे तुमचं. मी मान खाली घातली आणि ते ऐकून घेतलं.