तिसरी चटई

ताराक्का गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा भाचा शाळेत आला, तेव्हा मी दुसरीच्या मुलांना पाढे सांगत होते. "पहाटे गेल्या, बाई," एवढंच तो म्हणाला. छातीचं दुखणं वर्षभराचं, आमच्या मनाची तयारी झालीय असं आम्ही म्हणायचो... तरी मुलांसमोर माझा पाढा मध्येच तुटला. त्याला आता सहा आठवडे झाले.

कानडी शहरातल्या चिकपेटेमागच्या आमच्या मराठी शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या. मी नवी होते, बावीस वर्षांपूर्वी, तेव्हा शाळाभर धडा एका सुरात म्हणवून घेत. ताराक्कांनी मात्र वर्गात तीन चटया टाकल्या होत्या. सरळ वाचणारी मुलं पहिलीवर, अडखळणारी दुसरीवर, अक्षर लावताना घाम फुटणारी तिसरीवर. दोन चटया पाटीवर लिहीत बसत आणि उरलेल्या चटईवरच्या पाच-सहा जणांत ताराक्का मांडी घालून बसत. प्रत्येकानं आपापलं हळू वाचायचं. त्या एकेकाच्या तोंडाशी कान नेत. मूल अडलं तरी शब्द सांगत नसत. "पुढचं वाच, मग मागं ये," म्हणत. सर्वांत जास्त वेळ त्या तिसऱ्या चटईवर असत.

तिथं सुभद्रा होती, कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधणाऱ्याची मुलगी. जोडाक्षर आलं की ओठ मिटून घ्यायची. एकदा तिचे वडील डबा द्यायला आले, खिडकीतून बघत राहिले आणि थेट वर्गात शिरले.

"माझी पोर मंद म्हणून वेगळी बसवलीय ना, अक्का?"

"तसं नाही अण्णा, स्वल्प, थोडं ऐका..."

"सगळ्या वर्गाला दिसतंय की!"

त्यांनी तिला हाताला धरून नेलं. पुस्तक चटईवर उघडंच राहिलं.

ताराक्का तिच्या घरी तीनदा गेल्या. शेवटच्या वेळी मीही होते. सुभद्रा आईशेजारी उदबत्त्या वळत होती, बोटं काळी झालेली. तिनं वर पाहिलं नाही. परतताना ताराक्का म्हणाल्या, "चटया मीच टाकल्या ग. त्यांनी फक्त पाहिल्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही चटया गुंडाळून ठेवल्या. त्यानंतर त्यांचाही वर्ग एका सुरात धडा म्हणू लागला. मागं बसणारी मुलं नुसते ओठ हलवायची; ताराक्कांना ते कळायचं, मलाही कळायचं. मी विषय काढला की त्या खिडकीबाहेर बघत. आजारपणात त्यांनी एकदाच विचारलं, "सुभद्राचं काय झालं असेल?"

गेल्या सोमवारी ती आली. पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन, पहिलीत घालायला. नाव सांगेपर्यंत मी ओळखलं नाही.

"ताराक्कांच्याच वर्गात घाला हिला," ती म्हणाली. "त्या अगदी जवळ बसायच्या, कान लावून. तसं माझं परत कुणी ऐकलं नाही, बाई."

मी त्या गेल्याचं सांगितलं. तिनं मुलीला जवळ ओढलं. मग मी अर्ज पुढं केला, लेखणीही. तिनं लेखणी घेतली नाही. मी तिला सगळा अर्ज सावकाश वाचून दाखवला आणि तिनं शाईत अंगठा बुडवला.